पावसाळ्यात पळताना घालायला बायकांचं हलकं जॅकेट: नक्की काय बघून घ्यायचं?

तळजाई_पहाट:

नमस्कार. मी पुण्यात सहकारनगरला राहते, आठवड्यातून तीन-चार दिवस तळजाई टेकडीवर पळते आणि रविवारी ग्रुपबरोबर खडकवासला नाहीतर सिंहगड पायथ्यापर्यंत लाँग रन असतो. यंदा सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय त्यामुळे जून ते ऑगस्ट सगळा सराव पावसातच होणार. प्रश्न जॅकेटचा आहे. घरात आहे तो स्कूटरवर घालायचा रेनकोट, जाड, आतून रबरी, तो घालून पळणं शक्यच नाही, दहा मिनिटांत आत घामाच्या धारा. आणि काहीच न घालता जावं तर पुण्याचा पाऊस तुम्हाला माहितीये, निघताना कोरडं, टेकडीपर्यंत पोचते तोवर भुरभुर, वर गेलं की वारा, मग पाच मिनिटं ऊन आणि परतताना पुन्हा एक सर. सकाळी धो धो असा क्वचितच येतो पण हे भिजणं-वाळणं-भिजणं जे चालू असतं त्यात अंग गार पडतं, खास करून थांबल्यावर.

मला काय हवंय ते सांगते. हलकं हवं, नको असेल तेव्हा काढून घडी करून कमरेच्या बेल्टमध्ये जाईल इतपत. फोनला चेनवाला खिसा हवा, बायकांच्या कपड्यांना एकतर खिसे नसतात नाहीतर नुसते शोभेचे असतात. आणि तिसरं मोकळेपणाने लिहिते, टीशर्ट भिजला की अंगाला चिकटतो आणि फिका असेल तर आरपार दिसतो, पहाटे पाचला त्याचं काही वाटत नाही पण परतताना सात-साडेसात होतात, रस्त्यावर शाळेच्या रिक्षा, दूधवाले, चहाच्या टपऱ्यांवर गर्दी, तेव्हा वरून काहीतरी असावं असं फार वाटतं.

दोन-तीन दुकानांत जाऊन आले. सगळीकडे एकच, हे घ्या पाच हजार एमएमचं, हे दहा हजार एमएमचं, हे पंधरा, आणि आकडा वाढला की किंमत वाढते. हा आकडा नक्की कशाचा आणि मला तो किती लागतो? बजेट तीन हजारांपर्यंत, फारच उपयोगी असेल तर थोडं वर जाईन. डिसेंबरच्या थंडीत पण तेच चाललं तर उत्तम. ज्या खरंच घालून पळतात त्यांनी सांगा प्लीज, बाकी कुणाला कापडातलं कळत असेल तर तेही हवंच आहे.

इचलकरंजीचा_धागा:

ताई, कापडाच्या धंद्यात आहे आणि पळतो पण, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

एमएमचा आकडा म्हणजे पाण्याचा दाब. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर तो किती उंच होईपर्यंत कापड गळत नाही, ते मोजतात. दहा हजार एमएम म्हणजे दहा मीटर पाणी. पावसाचा थेंब अंगावर पडतो त्याचा दाब याच्या कुठल्या कुठं कमी असतोय. एवढा दाब सोसायची वेळ येते ती जड सॅकचे पट्टे खांद्यावर तासन् तास दाबून धरतात तेव्हा, ओल्या दगडावर बसता तेव्हा, किंवा दिवसभर मुसळधारेत चालता तेव्हा. ट्रेकला तो आकडा जरूर बघा. तास-दीड तास भुरभुरीत पळायला त्याचे पैसे देऊ नका.

त्याच लेबलवर अजून एक आकडा असतो जो दुकानदार सांगत नाही, तो ग्रॅममध्ये असतो. एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते ते. समजा १०,००० ग्रॅम लिहिलंय. चोवीसनं भागा, तासाला साधारण ४१५ ग्रॅम. जॅकेटला कापड लागतं चौरस मीटरच्या आगंमागं. आणि पळताना माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज गाळतोय, दमट हवेत त्याच्याही वर. म्हणजे प्रयोगशाळेत सगळं मनासारखं असताना सुद्धा हिशोब जुळत नाही, आत पाणी साठणारच.

त्यात आपल्याकडची हवा. वाफ आतून बाहेर जाते ती आत-बाहेरच्या बाष्पदाबात, म्हणजे हवेतल्या वाफेच्या दाबात, फरक असतो म्हणून, कापड काही ती ओढून बाहेर टाकत नाही. अंगाजवळची हवा ३४ अंश आणि पूर्ण ओली धरली तर तिथला बाष्पदाब पाऱ्याचे ४० मिलिमीटर. जुलैच्या सकाळी पुण्यात २३-२४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असते तेव्हा बाहेरचा दाब होतो २० च्या आसपास. फरक राहिला २०. आता विलायतेत आठ अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरा, बाहेरचा दाब साडेसहा, फरक तेहतीस-चौतीस. कापड तेच, शिलाई तीच, पण तिथं ते दीडपटीपेक्षा जास्त वाफ बाहेर सोडतंय. ही महागडी मेम्ब्रेनवाली जॅकेटं, म्हणजे कापडाला आतून पाणी अडवणारा पण वाफ सोडणारा पातळ पडदा असलेली, तिकडच्या थंड पावसासाठी जन्माला आलीत, तिकडं ती खरंच चांगली आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण पुण्या-साताऱ्याच्या पावसात पळायला ती घेऊ नका, कितीही भारी कंपनीचं असलं तरी. आतून घामानं भिजणार आणि बाहेरून पावसानं भिजणार यात फरक एवढाच की घामानं भिजताना अंग उकडून निघतंय.

तुम्हाला पाहिजे ते साधं विंडचीटर. पातळ नायलॉन, १५ ते २० डेनियरच्या सुताचं. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, तर २० डेनियरचं नऊ किलोमीटर सूत भरतं फक्त वीस ग्रॅम, यावरून कापड किती तलम असेल बघा. रिपस्टॉप वीण असली तर बरं, ते बारीक चौकडे दिसतात ना ते, काट्याला अडकून फाटलं तरी चीर पुढं जात नाही, टेकडीवरच्या बाभळींना हे लागतंय. असलं जॅकेट शंभर-सव्वाशे ग्रॅमला बसतं आणि स्वतःच्याच खिशात घडी होऊन जातं.

दुकानात लेबलवर विसंबू नका, दोन गोष्टी करा. आतली बाजू उलटी करून बघा, चमकदार पापुद्रा दिसला किंवा बोट सरकताना चिकटल्यासारखं झालं तर आत कोटिंग आहे, ते ठेवून द्या. मग कापड ओठांजवळ धरून जोरात फुंका. पलीकडं हाताला थोडी हवा लागली पाहिजे. अजिबात लागली नाही तर घाम पण असाच अडणार. बाहेरच्या बाजूला मात्र पाणी घरंगळायचं फिनिश असावं, अळवाच्या पानावर पडावं तसं पाणी गोळे होऊन पळालं पाहिजे. ते भुरभुर बऱ्यापैकी थोपवतं. मोठ्या सरीला हे कापड भिजणार, हे धरूनच चाला, पण भिजलं तरी पातळ असल्यामुळं पाणी धरून ठेवत नाही, पाऊस थांबला की अंगाच्या उष्णतेनं आणि वाऱ्यानं पळता पळताच सुकतं. मुख्य काम वारा अडवायचं आहे. एक ग्रॅम घाम सुकताना अंगातली सुमारे ५८० कॅलरी (खाण्याच्या हिशोबातली अर्ध्याहून थोडी जास्त कॅलरी) उष्णता घेऊन जातो, भिजलेल्या अंगावर टेकडीवरचा वारा आला की गार पडायला होतं ते यामुळं.

यवतेश्वरची_हवा:

धाग्यावर साताऱ्याचं नाव बघितलं म्हणून लिहितेय. वरच्या दादांनी कापडाचं बरोबर सांगितलंय, मी रस्त्याचं सांगते.

शहरातनं समर्थ मंदिर, बोगदा करत रस्ता यवतेश्वर घाटाला लागतो आणि मग चढच चढ, कासच्या दिशेनं वर जाऊन तिथनंच माघारी. म्हणजे पहिला अर्धा भाग चढ आणि दुसरा अर्धा उतार असं धरून चाला. सप्टेंबरात सकाळी वीसच्या आसपास तापमान असतं, ऐकायला छान वाटतं पण चढावर त्या तापमानाला इतका घाम निघतो की अंगावर जॅकेट नकोसं होतं. मग माथ्यावर आलं की कासच्या पठारावरनं वारा येतो, धुकं असतं, कधी अंगावर ढगच येतो, आणि तिथनं वळून खाली पळायला लागलं की कष्ट कमी वेग जास्त असं होतं, अंगातली गरमी कमी आणि वारा समोरनं. चढताना भिजलेला टीशर्ट इथं गार लागतो. बऱ्याच बायका उतारावर पोटात पेटके येतात म्हणतात, त्यात या गारठ्याचा हात असतो असं माझं मत आहे.

म्हणून आमच्याकडं पळणाऱ्या बायका जॅकेट घालून निघतच नाहीत. सुरुवातीला थांबावं लागतं तेवढ्यापुरतं अंगावर, मग कमरेला, आणि माथ्याच्या थोडं अलीकडं, अजून अंग गरम असतानाच, पळता पळता घालायचं. गार पडल्यावर घातलं तर गरम व्हायला फार वेळ लागतो. हे सगळं पळताना करता आलं पाहिजे, म्हणून पूर्ण चेनचं घ्या. डोक्यातनं घालायचं अर्ध्या चेनचं जॅकेट दिसायला छान असतं पण ओल्या अंगावर ते ओढायला थांबावं लागतं आणि केस, टोपी, चष्मा सगळं अडकतं. पूर्ण चेन असली की बाह्या घालून पुढनं उघडं ठेवूनही पळता येतं, मला तर निम्मा वेळ ते असंच लागतं.

आणि रेसच्या दिवशी बिब नंबर जॅकेटखाली जाऊ देऊ नका, फोटोचं सोडा, नंबर दिसणं नियमातच असतं. नंबर शॉर्ट्सला किंवा बेल्टला लावायचा म्हणजे वर काय घालताय काढताय त्याचा प्रश्नच येत नाही.

सरावाला आलात तर शक्यतो शनिवार-रविवार नको. कासच्या फुलांचे दिवस असतात, घाटात गाड्यांची रांग लागते आणि कडेला शेवाळ, निसरडं होतं. मंगळवार-बुधवार सकाळी या, घाट आपलाच असतो.

लीड्सवाली:

इचलकरंजीच्या दादांना +१. मी मूळची नाशिकची, आता इंग्लंडात लीड्सला, तुमच्या मुद्द्याची दुसरी बाजू रोज अनुभवते. इथे हिवाळ्यात पारा पाच-सहावर असतो, पाऊस बारीक पण न थांबणारा, आणि त्यात चांगलं मेम्ब्रेनवालं जॅकेट खरंच काम करतं. डोंगरातल्या रेसना तर ते सक्तीचं असतं, हूड असलेलं आणि शिवणींना आतून टेप लावलेलंच लागतं, नाहीतर सुरुवातीलाच परत पाठवतात. आल्प्समधल्या युटीएमबी या लांब पल्ल्याच्या डोंगरी रेसच्या नियमांत दहा हजार एमएमचा उल्लेख आहे, तिथे वरती हवा बिघडली आणि पाय मुरगळून बसावं लागलं तर जॅकेटवर जीव अवलंबून असतो. म्हणजे तो आकडा खोटा नाहीये, फक्त त्याची जागा वेगळी आहे. नाशिकला आले की मी ते जॅकेट बॅगेतून काढतसुद्धा नाही, जुलैत गंगापूर धरणाकडे पळताना साधं पातळ विंडचीटरच लागतं.

बाकी मी फिटिंगबद्दल लिहिते कारण त्यावर कुणी बोलत नाही आणि बायकांची अडचण नेमकी तिथे होते. बऱ्याच कंपन्या पुरुषांचंच जॅकेट थोडं लहान करून गुलाबी रंगात विकतात. छातीला बसेल असं घेतलं की खांदे ओघळतात, खांद्याला बसेल असं घेतलं की नितंबांवर आवळतं आणि पळताना सरकत सरकत कमरेवर गोळा होतं. म्हणून ट्रायल रूममध्ये नुसतं आरशात बघू नका. पळताना घालता तीच स्पोर्ट्स ब्रा आणि टीशर्ट घालून जा, चेन वरपर्यंत लावा, दोन्ही हात डोक्यावर न्या, मग जागच्या जागी अर्धा मिनिट गुडघे वर घेत पळा. लोक बघतील, बघू देत. खालची कड वर चढली तर नको. काखेत कापड गोळा होत असेल तर नको, ओलं झाल्यावर तिथेच कातडी सोलवटते. चेनच्या वरच्या टोकाला कापडाची छोटी टोपी असते का बघा, नसेल तर हनुवटीला आणि गळ्याला चेन घासते. मागची बाजू पुढच्यापेक्षा चार बोटं लांब असेल तर फार चांगलं, उडणारं पाणी आणि तुम्ही म्हणता तो चिकटलेल्या कपड्याचा प्रश्न दोन्हीला तीच कामी येते.

हूडचं म्हणाल तर अंबाडा किंवा वर बांधलेली पोनी असेल तर हूड घालून बघाच, बहुतेकांत केस मावत नाहीत किंवा हूड मागे ओढली जाते. मला विचाराल तर हूड नसलेलं घ्या आणि पुढे झडप असलेली कॅप घाला, डोळ्यांत पाणी येत नाही आणि चष्मा असेल तर तो पण वाचतो. हूड घ्यायचीच तर ती घट्ट करायची दोरी मागच्या बाजूला हवी, आणि वापरत नसताना गुंडाळून अडकवायला लूप, नाहीतर वाऱ्यात पाठीवर फडफडत राहते.

अजून एक. पाळीच्या आधीच्या दोनेक आठवड्यांत आपल्या शरीराचं तापमान थोडं वाढलेलं असतं, साधारण ०.३ ते ०.५ अंश. एवढंसं वाटतं पण तेच जॅकेट, तोच रस्ता, तशीच हवा असून त्या दिवसांत जास्त उकडतं. त्यामुळे एका दिवसाच्या ट्रायलवरून जॅकेट वाईट ठरवू नका. मी त्या दिवसांत बाह्या वर सरकवून पळते, म्हणून मनगटाला इलास्टिक हवं आणि ते कोपरापर्यंत वर जाईल इतकं सैल हवं.

ठाणे_खाडीकाठ:

सगळ्यांचं वाचलं, पण मी थोडा वेगळा सूर लावते. मुंबई-ठाण्यात जुलैत पळताना मी काहीच घालत नाही वरून. इथे पहाटे पण २६ अंश असतात, वारा गार नसतोच, भिजलं तर भिजलं. जॅकेटपेक्षा टीशर्टवर पैसे घालवा असं माझं म्हणणं. गडद रंगाचा, नेव्ही किंवा मरून, थोड्या जाड विणीचा पॉलिएस्टर टीशर्ट घेतला तर भिजून आरपार दिसत नाही आणि चिकटला तरी वेगळा सोडवता येतो. छापील डिझाइनवाला असेल तर अजून बरं. सुती अजिबात नको, पाणी पिऊन जड होतो आणि लोंबतो. ब्राच्या कडेला, काखेत, मांड्यांच्या आत व्हॅसलीन नाहीतर खोबरेल तेल, पावसाळ्यात याला पर्याय नाही, ओल्या कपड्याने जे घासतं ते नंतर अंघोळीला कळतं.

जॅकेट माझ्याकडे आहे पण ते पळून झाल्यावरचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्कूटीच्या डिकीत ठेवते. पळणं थांबलं की पाच मिनिटांत अंग गार पडायला लागतं, तेव्हा आधी ओला टीशर्ट बदलायचा, मग वरून जॅकेट. ओल्यावर जॅकेट घालून चहाला उभं राहिलं की अंग गारच राहतं.

आणि एक सूचना, जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा असतात. तेव्हा जॅकेट कुठलंही असो, टेकडीवर जाऊ नका. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते इतकी जवळ आहे. पक्क्या इमारतीत नाहीतर बंद गाडीत बसायचं, झाडाखाली थांबायचं नाही.

तळजाई_पहाट:

बाप रे, एवढं नीट कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. साताऱ्याच्या ताई, उतारावर घालायचं हे डोक्यातच आलं नव्हतं, मी सुरुवातीपासून घालूनच जाणार होते.

ठाण्याच्या ताई, टीशर्टचं पटलं, पण पुण्यात टेकडीवर वारा असतो आणि पहाटे तापमान तुमच्यापेक्षा कमी, त्यामुळे मला अंगावर एक पातळ थर लागतोच. दोन्ही करते, गडद टीशर्ट आणि विंडचीटर.

तीन शंका आहेत. बिनबाह्यांचं जॅकेट मिळतं ते कसं, हात मोकळे राहतील आणि छाती-पाठ झाकली जाईल? रंग कुठला घेऊ, अंधारात सिंहगड रोडला ट्रक-डंपर फार असतात. आणि फोन जॅकेटच्या खिशात ठेवला तर तो हलत राहतो का?

लीड्सवाली:

बिनबाह्यांचं तुझ्या कामाला चांगलंय खरं तर. वाऱ्याचा मारा छातीवर आणि पोटावर असतो, हात हलत असतात त्यामुळे ते तेवढे गारठत नाहीत, आणि काखेतून वाफ मोकळी बाहेर पडते. चिकटलेल्या टीशर्टचा प्रश्न पण सुटतो. फक्त डिसेंबरात ते एकटं पुरणार नाही, तेव्हा आत पूर्ण बाह्यांचा टीशर्ट किंवा हातात वेगळ्या बाह्या चढवाव्या लागतील. काखेचा घेर मोठा नको, वारा आत शिरून फुगतं.

फोन जॅकेटमध्ये नको. पातळ कापडाला दोनशे ग्रॅमचा फोन म्हणजे एका बाजूला लंबक बांधल्यागत होतं, आणि जॅकेट काढून कमरेला बांधलं की फोन मांडीवर आपटतो. कमरेचा इलास्टिक बेल्ट किंवा शॉर्ट्सच्या मांडीचा घट्ट खिसा, आणि फोन आधी झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत. जॅकेटच्या खिशात घराची किल्ली आणि शंभराची नोट एवढंच.

कात्रज_बोगदा:

रंगाबद्दल सांगतो, सायकल चालवतो त्यामुळे हा विषय रोजचा आहे. निऑन पिवळा-हिरवा दिवसा आणि धुक्यात मस्त दिसतो पण रात्री नाही. ते रंग उन्हातल्या अतिनील किरणांमुळे चमकतात, गाडीच्या दिव्यात ते साध्या फिक्या रंगासारखेच. अंधारात उपयोग होतो तो चंदेरी रिफ्लेक्टिव्ह पट्ट्यांचा, त्या हेडलाइटचा प्रकाश सरळ ड्रायव्हरकडे परत पाठवतात. छातीवरच्या छोट्या लोगोचा काही फायदा नाही. पट्टी पाठीवर आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मनगटाला आणि घोट्याला हवी, हलणारे हातपाय दिसले की ड्रायव्हरला लांबूनच कळतं की माणूस आहे. पाठीवरची पट्टी टीशर्ट किंवा बेल्टवरही असू द्या, कारण तुम्ही जॅकेट काढून कमरेला बांधणार. आणि मागे लावायला छोटा लाल दिवा घ्या, सायकलच्या दुकानात मिळतो. सिंहगड रोडला समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने पळा, म्हणजे उजवीकडून.

तळजाई_पहाट:

लाल दिवा आजच घेते. इचलकरंजीच्या दादांना शेवटचं विचारते, धुवायचं कसं? पावसाळ्यात घरात वाळत घातलेल्या सगळ्या कपड्यांना कुबट वास येतो, आणि माझ्या आधीच्या ट्रेकच्या जॅकेटचं आतलं कापड दोन पावसाळ्यांत चिकट होऊन सालं निघायला लागली होती, तसं याचं होईल का?

इचलकरंजीचा_धागा:

नाही होणार, कारण सालं निघाली ती कोटिंगची आणि याला आत कोटिंगच नाही. ते बहुतेक पॉलियुरेथेन असतंय. हवेतल्या ओलाव्यानं आणि उष्णतेनं त्याचे रेणू हळूहळू तुटतात, आधी चिकट होतं मग पापुद्रे सुटतात. कपाटात घडी करून ओलसर ठेवलं तर न वापरता सुद्धा होतं. कोकणात आणि मुंबईत हे फार लवकर होतंय. ट्रेकचं जॅकेट असेल तर ते पूर्ण सुकवून, हँगरला, हवेशीर जागी टांगून ठेवा.

या विंडचीटरचं सोपं आहे. पळून आलात की त्याच दिवशी नळाखाली साध्या पाण्यानं खंगाळून घ्या, घामातलं मीठ निघून गेलं की वासाचं निम्मं काम झालं. पिळू नका, झटकून हँगरला लावून पंख्याखाली टांगा, एवढं पातळ कापड तासा-दोन तासात सुकतंय. आठ-दहा वेळा वापरलं की एकदा पातळ लिक्विड साबणानं धुवा, पावडर नको कारण ती कापडात अडकून राहते, आणि सुवासाचं ते कम्फर्टसारखं काही अजिबात घालू नका. सॉफ्टनरचा थर बसला की पाणी घरंगळायचं बंद होतं आणि कापड टिपकागदासारखं पाणी शोषायला लागतं.

पाणी पसरायला लागलं, गोळे होईनात, तर लगेच नवीन घ्यायला जाऊ नका. बऱ्याचदा फिनिश गेलेलं नसतं, मळानं झाकलेलं असतं किंवा नुसतं दबलेलं असतं. स्वच्छ धुऊन, पूर्ण सुकवून, वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा. उष्णतेनं फिनिश परत उभं राहतंय. आतल्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रावर फुली असेल तर इस्त्री नको, हेअर ड्रायरची गरम हवा लांबनं द्या. हल्ली बऱ्याच कंपन्यांनी फ्लोरीनवालं जुनं फिनिश सोडलंय कारण ती रसायनं निसर्गात नष्ट होत नाहीत, ते सोडलं ते चांगलंच झालं, पण नवीन फिनिश तेलकटपणाला जुन्याइतकं दाद देत नाही. त्यामुळं अंगाला लावलेलं खोबरेल आणि सनस्क्रीन कॉलरला, मनगटाला लागतं तिथं आधी पाणी शिरतंय. तेवढा भाग दर वेळी बोटांनी चोळून धुवा.

आणि घेताना बिल जपून ठेवा ताई, घरी आणून बेसिनमध्ये मनगटाच्या बाजूचा तुकडा नळाखाली धरून बघा. नवं असताना पण पाणी घरंगळत नसेल तर त्याच दिवशी परत करा.

यवतेश्वरची_हवा:

आणि जॅकेट आणलं की ऑगस्टात एकदा या इकडं. बोगद्यापासनं वर पठारापर्यंत आणि माघारी, मी येते बरोबर. कुठं घालायचं कुठं काढायचं ते रस्त्यावरच दाखवते.